रोमची कारंजी
इटलीच्या राजधानीतील सार्वजनिक कारंजी. त्यांच्या मुळाशी पिण्याच्या पाण्याची गरज होती. प्राचीन रोमनांच्या ११ जलवाहिन्यांपैकी बहुतेक साम्राज्य कोसळल्यावर बंद पडल्या. पंधराव्या शतकापासून पोपांनी काही पुन्हा वाहत्या केल्या आणि पाणी पोहोचले तिथे कारंजी उभी राहिली. पंप नव्हते, उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावरच धारा उडत.

यांतील सर्वांत थोर काम म्हणजे पिआत्सा नाव्होना चौकातील बेर्नीनीचे ‘चार नद्यांचे कारंजे’ (१६५१). पोखरलेल्या खडकावर उंच दगडी स्तंभ तोललेला आहे, भोवती चार खंडांच्या नद्या मानवरूपात : डॅन्यूब, नाईल, गंगा आणि रिओ दे ला प्लाता. नाईलचे तोंड वस्त्राने झाकले आहे, कारण तिचा उगम युरोपला तेव्हा ठाऊक नव्हता. गंगामाई म्हणणाऱ्या आपल्याला येथे थबकायला होते : युरोपीय परंपरेप्रमाणे ही गंगा दाढीवाला, हाती वल्हे घेतलेला पुरुष आहे.

निकोला साल्व्हीचे ट्रेव्ही कारंजे (१७३२–६२) इ.स.पू. १९ मध्ये अग्रिप्पाने बांधलेल्या जलवाहिनीच्या टोकाशी आहे. गल्लोगल्ली १८७४ पासून बसवलेल्या, बाकदार तोटीच्या लोखंडी नळांचे पाणी आजही कोणीही फुकट पिऊ शकतो.