लक्ष्मीबाईंची चोरी

श्रुतपंचमीला मंदिरातल्या ग्रंथांची वेष्टनं धुऊन बदलताना धवलेचा एक खंड हाती आला, आणि लक्ष्मीबाई आठवल्या.

धरसेनाचार्यांकडून गिरनारवर ज्ञान घेऊन पुष्पदंत-भूतबलींनी षट्खंडागम रचला. त्यावरची वीरसेनांची धवला टीका नवव्या शतकातली. पण पुढे कित्येक शतकं तिची ताडपत्रं मूडबिद्रीच्या बसदीतच होती. लोक दुरून दर्शन घ्यायचे, वाचायचं कुणी नाही. एक आग, एक वाळवी, की सगळं संपलं! खरं तर आपली रीत अशी नव्हे. आपल्याकडे शास्त्रदान आहे. दहाव्या शतकात अत्तिमब्बेने पोन्नकवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून वाटल्या. गावोगावी प्रत असली की एखादी गेली तरी ग्रंथ जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांच्या खटपटीने मूडबिद्रीत नक्कल सुरू झाली. पण अट अशी की नक्कलही तिथेच राहील. म्हणजे दोन प्रती, आणि दोन्ही एकाच छपराखाली!

नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत केली. यात मोठा हात त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाईंचा. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत, ही त्यांची तळमळ. ती प्रत घ्यायला सोलापुरातही नकार मिळाला, शेवटी सहारनपूरच्या लाला जंबुप्रसादांनी ती घेतली. तिथे नागरी प्रत करताना सीताराम शास्त्रींनीही एक स्वतःसाठी ठेवली आणि तिच्यावरून आरा, सागर, कारंजा, इंदूर अशा ठिकाणी प्रती गेल्या.

अचौर्य अणुव्रत घेतलेली मी, याला काय म्हणू? न विचारता घेतलं, हे खरंच. सोलापूरकरांचा नकारही मला समजतो. पण बसदीतलं एक पानही कमी झालं नाही. माझ्या सासूबाई मात्र अजून म्हणतात, "चोरी ती चोरीच."

कारंजा, आरा, अमरावतीच्या प्रती ताडून प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापला. त्यानंतर मूडबिद्रीकरांनीही मूळ ताडपत्रांवरून पाठ ताडून द्यायला सुरुवात केली.