बंदुकीचा बार आणि नेमबाजाचा कान

बंदुकीच्या बाराचा आवाज दोन ठिकाणी जन्मतो. काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू प्रचंड दाबाने नळीच्या तोंडातून बाहेर फुटतो, हा पहिला आवाज. गोळीचा वेग ध्वनीपेक्षा जास्त असेल तर ती हवा चिरत जाताना कडाका उठतो, हा दुसरा. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आवाज शिगेला पोचून ओसरतो. नेमबाजाच्या कानाशी मोजला तर .२२ रायफलीचा बार १४० डेसिबलच्या आसपास भरतो. बारा बोअरची बंदूक, लष्करी रायफली आणि दमदार पिस्तुले १५० ते १७० पर्यंत जातात. अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीचा आकडा १५७ आहे, तर मोठ्या तोफांचा १८० च्या घरातला. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. दर २० डेसिबलला दाब दहापट होतो, म्हणून १४० आणि १६० यांतले अंतर कागदावर दिसते त्याहून फार मोठे आहे.

मोठ्या आवाजापासून बचावाची एक सोय कानात उपजतच असते, पण बंदुकीपुढे ती तोकडी पडते. आवाज वाढला की मधल्या कानातल्या रिकिबीसारख्या हाडाला जोडलेला चिमुकला स्नायू आखडतो आणि हाडांच्या साखळीला आवर घालतो. त्याला आखडायला सेकंदाचा काही शतांश भाग तरी लागतो. तोवर बार होऊन गेलेला असतो. धक्का सरळ अंतर्कर्णातल्या शंखाकृती नलिकेवर आदळतो. तिथे आवाजाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करणाऱ्या सुमारे १५,००० रोमपेशी असतात. त्यांतल्या काही तात्पुरत्या मलूल होतात आणि एक-दोन दिवसांत सावरतात, काही मरतात. पक्ष्यांमध्ये मेलेली रोमपेशी पुन्हा तयार होते. माणसात होत नाही.

या हानीची जाणीव जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजांच्या सैन्यात काम केलेला शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याने तोफांच्या आवाजाने कानाला होणाऱ्या इजेबद्दल लिहून ठेवले आहे. त्याच शतकात, १५४९ साली, अहमदनगरला निजामशाहीची मुलुखमैदान तोफ ओतली गेली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. बत्ती दिल्याबरोबर गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारत असे, अशी तिच्याबद्दलची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, या आवाजापुढे उघड्या कानाने उभे राहू नये हे लोकांना पुरते ठाऊक होते, एवढे तिच्यातून कळते. १७८२ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट्सच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीच्या फॉर्मिडेबल जहाजाने ८० फैरी झाडल्या. त्यानंतर १४ दिवस रॉडनीला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, अशी नोंद आहे. ॲडमिरलच्या कानांची नोंद झाली. खालच्या मजल्यावर, तोफांना खेटून उभ्या असलेल्या शेकडो खलाशांच्या कानांची कुणी केली नाही.

एकोणिसाव्या शतकात कानाचे वैद्यक स्वतंत्र शाखा म्हणून उभे राहू लागले आणि शिकारी त्याच्या नजरेस आले. लंडनचे कर्णवैद्य जोसेफ टॉयन्बी यांनी १८६० च्या आपल्या ग्रंथात बंदुकीच्या शिकारीमुळे येणाऱ्या बहिरेपणाची दखल घेतली. या बहिरेपणाची एक खूण आजही डॉक्टरांना उपयोगी पडते. उजवा नेमबाज दस्ता उजव्या खांद्याला टेकवतो आणि गाल दस्त्यावर ठेवतो. त्यामुळे मान किंचित वळते, उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा पडतो. म्हणून उजव्या नेमबाजाचा डावा कान आधी आणि जास्त बिघडतो, डावखुऱ्याचे उलट. पिस्तूल दोन्ही हातांनी समोर धरले जाते, तिथे हा फरक कमी दिसतो. कारखान्यातला गोंगाट मात्र बहुधा दोन्ही कानांना सारखाच खातो. तपासणीच्या आलेखात डाव्या कानाची रेघ उजव्यापेक्षा खाली गेलेली दिसली, तर खांद्याला बंदूक लावण्याच्या सवयीची चौकशी करणे म्हणूनच योग्य ठरते.

मॅक्सिम घराण्यात या इतिहासाच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये पहिली स्वयंचलित मशीनगन बनवली. वर्षानुवर्षे तिच्या चाचण्या घेता घेता त्यांची श्रवणशक्ती गेली. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. नळीच्या टोकाला बसवलेल्या डब्यात वायूला वळणे देऊन त्याचा दाब सावकाश उतरवायचा, हे त्याचे तत्त्व. मोटारींचे सायलेन्सरही मूळ त्याच विचाराचे. नावाप्रमाणे तो बंदूक मुकी करत नाही. आवाज साधारण २० ते ३० डेसिबल उतरतो आणि गोळीचा कडाका तसाच राहतो. पण कानाच्या हिशेबात २० डेसिबल ही मोठी बचत आहे. अमेरिकेने १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसवला आणि तो गुन्हेगारांचे साधन म्हणून ओळखला जाऊ लागला. फिनलंडसारख्या देशांत शिकाऱ्यांनी तो कान वाचवण्यासाठी सर्रास वापरला. कानाच्या दृष्टीने पाहता फिनलंडची वाट शहाणपणाची म्हणावी लागते.

पहिल्या महायुद्धापर्यंत गोलंदाजांना कानात कापूस घाला आणि तोंड उघडे ठेवा, एवढाच सल्ला मिळे. कापसाने फारसे काही अडत नाही. हानी किती हे दाखवण्याचे साधनच नसल्याने सल्ला तिथेच अडकून पडला. ते साधन १९२० च्या दशकात अमेरिकेत आले: १९२२ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा श्रवणमापक तयार झाला आणि त्याच दशकात बेल कंपनीच्या अभियंत्यांनी डेसिबल हे माप रूढ केले. मग बाराने दुखावलेल्या कानाचा नकाशा कागदावर उतरू लागला. त्यात ४,००० हर्ट्झच्या आसपास एक ठळक खळगा दिसतो, आणि हानी ध्यानात न येण्याचे कारणही तिथेच आहे. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असल्याने ते नीट ऐकू येतात. स, श, फ यांसारखी बारीक व्यंजने मात्र निसटतात. अशा माणसाला आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. समोरचे लोक पुटपुटतात, अशी त्याची तक्रार असते.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाला सरकारी कामकाजात जागा मिळवून दिली. हजारो अमेरिकी सैनिक बहिरेपण घेऊन परतले. पेनसिल्व्हेनियातल्या डेशन लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी त्यांच्यासाठी श्रवणयंत्रे निवडण्याची आणि ऐकण्याच्या सरावाची पद्धत बसवली. आजच्या श्रवणशास्त्राची पायाभरणी तिथे झाली. युद्धकाळातच कानात नीट बसणारी रबरी बोंडे सैन्यात आली. १९६८ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी संशोधकांनी बारासारख्या क्षणिक आवाजांसाठी धोक्याची मर्यादा आखून दिली. उघड्या कानावर १४० डेसिबलच्या वरचा धक्का पडू देऊ नये, हा दंडक पुढे अनेक देशांच्या नियमांत आला. जवळजवळ प्रत्येक बंदूक ही रेषा एकाच बारात ओलांडते.

१९७० च्या दशकात बोटांनी चोळून कानात घालायची आणि आत फुगणारी फोमची बोंडे स्वस्तात मिळू लागली. बोंड नीट बसले तर २० ते ३० डेसिबल कमी करते. अर्धवट बसले तर निम्मेही नाही. कानावर बाहेरून कवच चढवले तर आणखी ५ ते १० डेसिबल अडतात, म्हणून बंदिस्त रेंजवर, जिथे भिंतींवरून आवाज परततो, दोन्ही वापरणे श्रेयस्कर. सैनिकाची अडचण वेगळी आहे. कान बंद केले तर त्याला हुकूम आणि शत्रूची चाहूल ऐकू येत नाही. त्यासाठी हळू आवाज आत सोडणारी आणि बार अडवणारी बोंडे निघाली. अमेरिकी सैन्यातल्या अशा एका बोंडावरून लाखो दावे झाले आणि २०२३ मध्ये थ्रीएम कंपनीने सुमारे ६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. माजी अमेरिकी सैनिकांच्या सेवाजन्य अपंगत्वांत कानात सतत वाजत राहणे ही तक्रार आज सर्वांत वर आहे.

खेळातही जोखीम प्रकारानुसार बदलते. दहा मीटरच्या एअर रायफलीत दारू नसते, तिचा आवाज बराच खाली राहतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये जागतिक विजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर प्रकारांत .२२ ची काडतुसे वापरली जातात. एकेक बार मर्यादेच्या काठावरचा असला तरी सरावात त्यांची संख्या प्रचंड असते. मातीच्या उडत्या तबकड्यांच्या प्रकारात बारा बोअरची बंदूक येते आणि तिथे संरक्षणाविना एक बारही धोक्याचा.

१४० ची रेषाही आता निर्विवाद राहिलेली नाही. २००९ मध्ये शेरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की, आवाजाच्या माऱ्यानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली आणि रोमपेशी शाबूत राहिल्या, तरी त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे दुवे कायमचे तुटलेले असू शकतात. नेहमीच्या तपासणीत हे नुकसान दिसत नाही. माणसात ते किती होते आणि गोंगाटात बोलणे न कळण्यामागे त्याचा वाटा किती, यावर संशोधन चालू आहे.