हेळव्याची वही आणि आपला मूळपुरुष

तुमच्या खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव सांगा बघू. नाही येत ना? पण ते नाव ठाऊक असलेला माणूस कदाचित बेळगावकडच्या एखाद्या गावात बसलेला असेल. तो तुमच्या नात्यातला नाही, भावकीतलाही नाही. तो तुमचा हेळवी.

आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना हेळवी सांगायला नको. बैलावर बसून, घंटा वाजवत दारात यायचा आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचा. मूळपुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, कुलदैवत कुठलं, कुठला भाऊ फुटून दुसऱ्या गावात गेला, सगळं तोंडपाठ. मग नव्या जन्मलेल्या पोरांची नावं वहीत चढवायची आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या घरी. घोकंपट्टी आणि वही दोन्ही बापाकडून पोराकडे. आता बैल जाऊन गाडी आलीय, पण फिरणं पूर्ण थांबलेलं नाही.

2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली. गाव नमुना 14 म्हणजे आपलं कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, पाहणीपत्रकं सगळं उपसलं गेलं. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. चांगलंच झालं. पण मला एक गोष्ट खटकते. आपण त्या पानावर एकच शब्द शोधतोय. तो सापडला की फोटो काढायचा, पान मिटायचं. त्याच पानावर पणजोबाचं मूळ गाव असतं, ते कुणी वाचत नाही.

आडनावावर तर अजिबात जाऊ नका. पाटील, देसाई, चौगुले ही कामाची नावं. एकाच गावात मराठा पाटील, जैन पाटील, लिंगायत पाटील शेजारी शेजारी राहतात. नावामागे ‘कर’ असेल तर ते बहुधा सोडून आलेल्या गावाचं नाव.

सोडून आलेलं हेच महत्त्वाचं. जुन्या कागदांत गावात दोन प्रकारचे कुळंबी दिसतात. वंशपरंपरेनं जमीन कसणारा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. दुष्काळानं, लढाईनं गाव ओस पडलं की सरकार कौल द्यायचं : या, वसा, पहिली वर्षं सारा कमी, पुढं चढता. इस्ताव्याचा कौल म्हणायचे त्याला. म्हणजे आज ‘आम्ही मूळचे इथलेच’ म्हणून छाती काढणाऱ्या बऱ्याच भावक्यांचा मूळपुरुष कधीतरी बैलजोडी घेऊन, उपरी म्हणूनच या मातीत आलाय. गावकीत कुणाला ‘बाहेरचा’ म्हणताना हे ध्यानात असावं, एवढंच.

कागद सगळ्यांना सारखा न्याय देत नाही, हेही खरं. वतनदाराच्या घरी वाद व्हायचे, वाद झाले की महजर, करीना, वंशावळी लिहिल्या जायच्या. ज्याच्याकडं वतन नाही, त्याच्याबद्दल लिहायचं कुणाला अडलं होतं? शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. त्यानंतरच्या शाळेच्या पटावर अशा कित्येक घरांतलं पोरगं पहिल्यांदा कागदावर आलं असेल. आणि लेकी? वतनाच्या वंशावळीत बापाखाली मुलगा, मुलाखाली मुलगा. पोरगी लग्न करून गेली की रेघ संपली. आमच्याच घरातल्या वंशावळीत सहा पिढ्या आहेत, बाईचं नाव एकही नाही.

2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठच्या घरांतली ट्रंकाच्या ट्रंका कागदपत्रं चिखल झाली. हेळव्यांची पोरंही आता दुसऱ्या कामाला लागलीत. माझं मत विचाराल तर पुराभिलेखागारातल्या मोडी दप्तराइतकीच या वह्यांची काळजी जिल्ह्यानं घ्यायला हवी. त्यांच्या मालकीला हात न लावता, त्यांना रीतसर मोबदला देऊन एकेक पान स्कॅन करावं.

तोवर आपण काय करू शकतो? यंदा हेळवी दारात आला तर ‘नंतर या’ म्हणू नका. चहा पाजा, पाठ म्हणू दे, परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि वहीत नाव चढवताना पोरींचीही सांगा. तुमच्या भावकीचं मूळ गाव कुठलं, ठाऊक असेल तर खाली लिहा.