कपिलधारची पायवाट

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं, की पाली मागे पडते आणि गाडी मांजरसुंब्याचा घाट चढू लागते. गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची सपाटी इथे संपते. वर बालाघाटाचं माळरान दूरवर पसरलेलं दिसतं, पण मांजरसुंब्याजवळ ते एकाएकी तुटतं. काळ्या कड्यांच्या मधोमध खोल घळ उतरते आणि पावसाळ्यात कड्यावरून पाणी कोसळतं. हेच कपिलधार. कपिल मुनींनी इथे तप केलं, असं सांगतात.

श्रावणात इथे धबधबा पाहायला झुंबड उडते. खरी यात्रा मात्र कार्तिक पौर्णिमेची, म्हणजे धार बारीक झाल्यावरची. ती पाण्यासाठी नसतेच. लिंगायत संतकवी मन्मथस्वामींच्या घळीतल्या समाधीसाठी असते.

बसवेश्वरांनी बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला जे सांगितलं, ते कन्नड वचनांतून. मराठी मुलखातल्या लिंगायतांना ते आपल्या बोलीत हवं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, अभंग रचले. माणूरच्या मठाशी त्यांचं नातं. हे माणूर आज शिरूर कासार तालुक्यात येतं. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत अजून शिवनाम सप्ताह बसला की परमरहस्याचं पारायण लागतं. अभंग, वीणा, टाळ, दिंडी असं सगळं वारकऱ्यांच्या शेजारचं, फक्त मुखी नाव शिवाचं आणि मन्मथ माउलीचं. पंढरीच्या वाटेवरच्या मुलखात दुसरं काय होणार म्हणा!

यात एक गंमत आहे. लिंगायताचा देव इष्टलिंगाच्या रूपात गळ्यातच असतो. दगडाच्या देवळापेक्षा देहाचं देऊळ थोर मानणारी ही परंपरा. तिला तीर्थाला जायची गरज काय? पण कपिलधारपर्यंतची ही पायपीट देवासाठी नसून गुरूसाठी आहे, आणि गुरू काही गळ्यात बांधता येत नाही. पहाटे मुक्कामाच्या शाळेच्या ओसरीवर रांगेने बसलेली माणसं दिसतात. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर बेलाचं पान, नजर तळहातावर खिळलेली. पूजा आटोपली, की लिंग पुन्हा गळ्यात, पायांत चपला आणि दिंडी रस्त्यावर.

या पदयात्रेला अलीकडच्या काळात मोठं बळ दिलं ते डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकरांनी. वैद्यकीय शिक्षण घेतलेले हे मठाधिपती शंभरी ओलांडून 2020 च्या सप्टेंबरात गेले. लातूर, नांदेडकडून येणाऱ्यांना शंभराहून अधिक किलोमीटर तुडवावे लागतात. अंबाजोगाई, केज, नेकनूर असे टप्पे घेत, दिवसा चालायचं, रात्री शिवकीर्तन. सामानाचा टेम्पो पुढे जातो. वाटेवरची गावं पंगती वाढतात. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. खरिपाची रास घरात आलेली, ज्वारीची पेरणी उरकत आलेली, त्यामुळे कुणबिकीतल्या माणसालाही आठवडाभर घर सोडता येतं. ही तिथी शेतकऱ्याला सोयीची आहे, हा योगायोग वाटत नाही.

त्याच पंधरवड्यात याच रस्त्यांवर आणखी एक लोंढा असतो. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन, ट्रॅक्टर-ट्रकांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. एक गर्दी बालाघाटावर यायला निघालेली, दुसरी बालाघाट सोडून जायला. यात्रेच्या वर्णनात पहिलीच तेवढी येते. नेकनूर-मांजरसुंब्याच्या चहाच्या टपऱ्यांवर मात्र दोन्ही एकाच बाकड्यावर टेकतात.

पौर्णिमेला समाधीचं दर्शन झालं, महाप्रसाद झाला, की घळ पुन्हा रिकामी होऊ लागते. परतीला दिंडी नसते. आठवडाभर चालून आलेली माणसं एसटीत किंवा गावच्या टेम्पोत बसतात आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचतात.