पदवी आणि पद यांच्या मधली वाट

दर वर्षी 14 ऑगस्टला आपण पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी जमतो. 1942 साली त्या दिवशी गोळीबारात पडलेल्या पाच वीरांची नावे आपल्या मुलांनाही पाठ आहेत. त्यांत आपल्या सालवडचे सुकूर गोविंद मोरे आहेत, याचा आपणां सर्वांना सार्थ अभिमान आहे. परंतु त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 10 ऑक्टोबर 1945 रोजी, याच मुलखाच्या उत्तरेस तलवाड्याला पाच वारली गोळीबारात पडले. त्यांतल्या एकाचे नाव जेठ्या गांगड. हे नाव येथे बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हांला स्वतःला ते वयाच्या तिशीपर्यंत ठाऊक नव्हते, मग इतरांना काय बोल लावावा!

ते नाव आम्हांला ज्या पुस्तकातून कळले, त्याच्या लेखिका गोदावरी परुळेकर. पुस्तकाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते 1970 साली निघाले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्ही सातवीतून शाळा सोडलेला माणूस. कायदा शिकलो तो रात्री वाचनालयाच्या दिव्याखाली. म्हणून बाईंची एक गोष्ट आमच्या मनात फार ठसली. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या. ही पदवी मिळविणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रिया मोजताना त्यांचे नाव आधी घेतले जाते. असा माणूस पुण्याहून उठून वारल्यांच्या पाड्यावर का येतो आणि तेथे येऊन त्या कायद्याचे काय करतो, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

बाईंचा जन्म 1907 सालचा. वडील वकील. घर गोखल्यांचे, खाऊनपिऊन सुखी. मनात असते तर काळा कोट चढवून त्या सुखाने राहू शकल्या असत्या. त्याऐवजी सत्याग्रहात तुरुंगात गेल्या आणि पुढे नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. मुंबईत प्रौढांना अक्षर शिकविण्याचे आणि घरकाम करणाऱ्या गड्यांची संघटना बांधण्याचे काम त्यांनी केले. 1939 साली शामराव परुळेकरांशी विवाह झाला.

शामरावांची वाट दुसऱ्या दिशेने आली. ते 1937 च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात निवडून गेले होते. जानेवारी 1938 मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, त्यात ते होते. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यातही ते होते. म्हणजे या जोडप्यापाशी दोन्ही गोष्टी होत्या, एकीकडे पदवी आणि एकीकडे पद. पण 1939 साली काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, प्रांतात गव्हर्नरचा अंमल सुरू झाला आणि विधिमंडळाचे दार बंद झाले. पद नावापुरते उरले. दोघांनी युद्धविरोधी प्रचारापायी तुरुंग भोगला. सुटल्यावर ते किसान सभेच्या कामाला लागले.

आता वारल्यांची स्थिती पाहू. जमीन गेली सावकाराच्या घशात आणि वारली झाला आपल्याच जमिनीवरचे कूळ. पावसाळ्यात खावटी काढावयाची, सुगीत दामदुपटीने फेडावयाची. त्यावर वेठ! मालकाचा निरोप आला की स्वतःच्या शेतातली लावणी टाकून फुकट राबावयास जावयाचे. लग्नासाठी थोडे रुपये उसने घेतले, तर नवराबायको दोघेही मालकाचे ‘लग्नगडी’ होत आणि ते कर्ज जन्मभर फिटत नसे.

मौज अशी की, हे सर्व बेकायदेशीर होते! कोणाकडून जबरीने काम करवून घेणे हा 1860 च्या दंडसंहितेत गुन्हा होता. सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने आदिवासींच्या हालांचा अहवाल 1930 च्या दशकाच्या अखेरीस सरकारलाच सादर केला होता. कायदा होता, अहवाल होता, कोर्ट होते. मग वेठ का चालू राहिली? कारण तो कायदा वारल्याला कोणी सांगितलाच नव्हता. आणि सांगितला असता तरी एकट्या वारल्याने मालकासमोर तो उच्चारावयाचा कसा?

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे माह्या धांगडा आणि काही वारली मंडळी गेली. त्याच वर्षी मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले. ठराव साधे होते. वेठ करावयाची नाही. आधी आपले शेत, मग मालकाचे. रोजी बारा आणे मिळाल्याशिवाय कामाला जावयाचे नाही. सभा उठली आणि निरोप पाड्यापाड्यांत पोचला. बाई आणि शामराव पायी हिंडले, झोपड्यांत राहिले, मिळेल ते खाल्ले. काही आठवड्यांत वेठ थांबली. लग्नगडी मालकांच्या घरांतून बाहेर पडले. ऐंशीहून अधिक वर्षे छापील राहिलेले कलम खरे झाले, आणि ते न्यायाधीशाने नव्हे, तर वारल्यांनी स्वतः खरे केले.

त्याची किंमतही त्यांनीच दिली. गवतकापणीच्या वेळी 500 पौंडांना अडीच रुपये मागून वारल्यांनी काम बंद ठेवले. बाई येणार आहेत अशी हूल उठवून लोकांना तलवाड्याला जमविण्यात आले आणि त्या जमावावर गोळ्या चालल्या. परुळेकर पतिपत्नींना जिल्हाबंदी झाली. जानेवारी 1947 मध्ये आपल्या पालघर तालुक्यात नानिवलीलाही गोळीबारात वारल्यांचे रक्त सांडले.

1957 साली शामराव ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पद पुन्हा आले. त्याच वर्षी कूळकायद्याप्रमाणे 1 एप्रिलला कसणारा मालक ठरला. तेथेही हीच अडचण पुढे आली. ज्याचे नाव कागदावर कूळ म्हणून चढले होते त्याचे काम सोपे झाले आणि ज्याचे नव्हते त्याला आपण पिढ्यान्पिढ्या कसतो हे सिद्ध करावयास लागले. शामराव 1965 साली स्थानबद्धतेत असताना वारले. बाई 1996 पर्यंत जगल्या, मधल्या काळात अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षाही झाल्या, आणि त्यांनी देह ठेवला तो तलासरीला.

कागदावर नाव नसणे म्हणजे काय, हे आम्ही फार उशिरा शिकलो. संघटनेच्या आमच्या पहिल्या वर्षांत येथील एका कारखान्यात कंत्राटी कामगाराचा हात यंत्रात गेला. आम्ही मोठ्या विश्वासाने वकिलाकडे गेलो. त्यांनी विचारले, “मस्टरवर नाव आहे? पगाराची पावती?” काहीच नव्हते. तो तीन वर्षे तेथे राबत होता, पण कागदाच्या हिशेबी तो तेथे नव्हताच. दावा टिकला नाही. वकील चांगले होते, कायदाही चांगला होता. उणे होते ते आमचे. आम्ही अपघातानंतर कायद्याकडे गेलो, तीन वर्षे आधी खोलीखोलीत जाऊन पावती मागावयास शिकविले नाही. त्या दिवसापासून आमची प्रत्येक सभा एकाच प्रश्नाने सुरू होते. तुझे नाव कशावर आहे, ते दाखव.

आज पालघर-बोईसरच्या घरांतून मुले-मुली वकील होत आहेत, काही निवडणुकीलाही उभी राहतील. आम्हांला त्याचा आनंदच आहे. पद तुच्छ आहे असे आम्ही म्हणत नाही. कायदे तेथेच होतात. परंतु लग्नगडी सुटले ते विधिमंडळाचे दार बंद असताना, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. पदवी आणि पद यांच्या मधली वाट पाड्यावरून, चाळीतून आणि कारखान्याच्या फाटकावरून जाते. ती गाळून जो थेट पदावर पोचला, त्याने केलेला कायदाही पुन्हा पन्नास वर्षे पुस्तकातच पडून राहील.

शेवटी एक विनंती. 14 ऑगस्टला आपण जमतोच. या वर्षी 10 ऑक्टोबरलाही घटकाभर जमू या, आणि आपल्या पाचांबरोबर जेठ्या गांगडचे आणि त्याच्या सोबत्यांचे स्मरण करू या.