साथ आली, गाठ राहिली



कुठल्याही साथीची गोष्ट निघाली की आपण पहिल्याप्रथम विचारतो, "माणसं किती दगावली?" प्रश्न रास्तच आहे. पण साथीचा हिशेब तेवढ्यावर मिटत नाही. साथीच्या रोगाने जे गेले त्यांची नावे दफ्तरात चढतात. साथीच्या धांदलीत ज्यांचे दुसरेच दुखणे तपासायचे राहून गेले, त्यांची नोंद कुठे करायची? २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा आपल्याकडे कर्करोग ओळखण्याच्या कामाचे काय झाले, हा आजचा विषय आहे.

थोडे मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. काखेत, जांघेत गाठ येई, म्हणून लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. गाठीची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती रुग्णालयाची होती. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, असा समज पसरला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला. पुढच्या वर्षी, १८९७ साली, सरकारने साथरोगांचा कायदा केला. आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताकरता सावित्रीबाई फुले स्वतः प्लेगने गेल्या.

मग आली १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झा. मृत्यूची नोंद ठेवायची ती गावकामगारांनी. पण तेच तापाने अंथरुणाला खिळले तर वही कोण भरणार? त्या वर्षीच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या आणि माणसांचे केवढे नुकसान झाले याचा अंदाज पुढे १९२१ च्या शिरगणतीवरून बांधावा लागला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वहीतला रकाना कोरा दिसला, म्हणजे तिथे काही घडलेच नाही, असे समजू नये. हे सूत्र आपल्याला आज पुढे उपयोगी पडणार आहे.

आता कर्करोगाकडे वळू. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेव्हापासून गावोगावचे लोक वळकटी आणि कागदांची पिशवी घेऊन तिथे जात आले आहेत. अडचण अशी की पुष्कळ लोक फार उशिरा जातात. कर्करोगाची गाठ प्लेगच्या गाठीसारखी ठणकत नाही, तापही आणत नाही. दुखत नाही, म्हणून माणूस म्हणतो, "बघू पुढं. सुगी होऊ दे."

हा उशीर कमी करता येतो, हे आपल्याच मुलखात सिद्ध झाले आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. हिंडता हिंडता लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगू लागले. नुसत्या या बोलण्याचा परिणाम असा झाला की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग सुरू झाला. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ बायकांचा त्यात समावेश होता. ज्या गटात रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी एकदाच केली गेली, त्या गटात या रोगाचे मृत्यू, तपासणी न मिळालेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले. साऱ्या जगातल्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली.

तात्पर्य काय, तर या रोगात वेळेवर तपासणी म्हणजे निम्मी लढाई. आणि तपासणीला माणसाने माणसाजवळ यावे लागते. साथीने घाला घातला तो नेमका इथे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण सापडले. १८९७ चा तोच जुना कायदा पुन्हा लागू झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. रेल्वे थांबली, एस.टी. थांबली. जिल्ह्याबाहेर जाणारी एस.टी. पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला.

आता असे समजा, की त्या एप्रिलमध्ये एका खेड्यातल्या बाईच्या हाताला स्तनात गाठ लागली. एरवी काय झाले असते? तिने आशाताईला किंवा सिस्टरला सांगितले असते. त्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवले असते. डॉक्टरांनी सोनोग्राफी, मॅमोग्राफी सांगितली असती, मग सुई घालून किंवा तुकडा काढून तपासायला पाठवला असता. तो तुकडा काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तज्ज्ञ जेव्हा सांगतो, तेव्हाच कर्करोग आहे की नाही हे ठरते. ही एक साखळी आहे. साथीत तिची एकेक कडी निखळली. आशाताई घरोघर ताप मोजत फिरत होत्या. डॉक्टर कोविड केंद्रावर होते. प्रयोगशाळेतली माणसे नाकातले नमुने तपासण्यात बुडाली होती. दुर्बिणीने घशात किंवा पोटात पाहायचे, तर संसर्गाचा धोका, म्हणून तातडीची नसेल ती तपासणी पुढे ढकलली. तंबाखूने तोंडात झालेला चट्टा तर मुखपट्टीआड झाकूनच राहिला. खोकला आला की लोकांच्या मनात एकच रोग यायचा. आणि हे सारे जुळून आले असते, तरी परळला जायचे कसे? गाडीच नव्हती. शिवाय रुग्णालयात गेलो तर कोविड होईल, ही धास्ती. म्हणजे १८९६ सालचे रुग्णालयाचे भय वेगळ्या रूपाने परत आले होते.

याचे आकडे उपलब्ध आहेत. देशातली कर्करोग रुग्णालये २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात एकत्र आली आहेत. त्यांतल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी केली आणि २०२१ साली ती प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये या केंद्रांत १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ५१,७६०. म्हणजे निम्म्याहूनही कमी. तुकडा, रक्त वगैरेंच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्या ३,९८,३७३ वरून २,४६,६१६ वर आल्या. क्ष-किरण, स्कॅन या जातीच्या तपासण्या ९३,४४९ वरून ५३,५६० वर उतरल्या. रोग नसलेल्यांची आगाऊ तपासणी तर सत्तर टक्क्यांहून जास्त केंद्रांत एक तर पूर्ण बंद पडली, नाही तर नेहमीच्या पावपटीच्याही खाली गेली. मोठ्या शहरांतल्या केंद्रांत ही घट अधिक होती. यात नवल नाही, कारण लांबून येणारे लोक तिथेच जास्त असतात.

आता मघाचे सूत्र आठवा. साठ हजारांहून अधिक नावे त्या तीन महिन्यांच्या वहीत कमी आहेत. म्हणून कर्करोग कमी झाला का? मुळीच नाही. रोग होता तिथेच होता, वाढत होता. उणे झाली ती फक्त नोंद. त्यांतले काही जण पुढे आले असतील, काही उशिरा पोचले असतील, काहींना पोचताच आले नसेल. शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा उशीर झाला, तर मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. वहीतल्या कोऱ्या जागेची किंमत ही अशी मोजावी लागते.

मग दुसरा काही मार्ग होता का? होता. परळच्या टाटा रुग्णालयाने दार लावले नाही. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे मुंबईत साथ भडकत असताना, तिथे कर्करोगाच्या ४९४ शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर एकही रुग्ण दगावला नाही. रुग्णांची निवड नीट केली, माणसांच्या पाळ्या लावल्या, काळजी घेतली, तर साथीतही हे काम चालू राहू शकते, याचा हा दाखला आहे. पण परळचे दार उघडे असून भागत नाही. खेड्यापासून परळपर्यंतची वाट उघडी असावी लागते. पुढची साथ येईल तेव्हा, आणि इतिहास सांगतो की ती येणारच, कर्करोगाच्या रुग्णाला दवाखान्यापर्यंत नेणारे एखादे वाहन, तुकडा तपासणारा एखादा तज्ज्ञ आणि गावात विचारपूस करणारी एखादी सिस्टर एवढे तरी साथीच्या कामातून वगळून ठेवायला हवे. सगळे हात एकाच आगीकडे धावले, तर मागच्या घराला लागलेली आग कोण पाहणार?

गुरुजींना आणि शिक्षिकाबाईंना एक विनंती आहे. पालकसभेत, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे चार माणसे भेटतील तिथे हे सांगा. स्तनात गाठ लागली, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तोंडातला चट्टा किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तोंड पुरते उघडेनासे झाले, आवाज बसला तो बसलाच, गिळताना अडखळू लागले, तर दवाखाना गाठावा. अशी प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असे नाही. बहुतेक नसतातच. पण ते ठरवणार सूक्ष्मदर्शक. आपण घरी बसून ठरवायचे नाही. आणि साथीच्या वर्षात "पुढं बघू" म्हणून ज्यांनी तपासणी लांबवली आणि ती अजून राहिलीच आहे, त्यांनी तर आता एक दिवसही घालवू नये.

बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून नुसते बोलून बायकांना वेळेवर दवाखान्यात आणले. त्यासाठी त्यांना मोठी यंत्रे लागली नव्हती. ते काम तुम्हा-आम्हालाही करता येण्यासारखे आहे.