‘नाइस’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास आरंभींच जीं विशेषणें भेटतात, त्यांत ‘नाइस’ हें एक होय. हवा, जेवण, माणूस, पुस्तक, जें जें बरें वाटेल तें तें ‘नाइस’. इतका हा शब्द आज मवाळ झाला आहे. परंतु त्याचें कूळ शोधूं गेल्यास वाचकांस नवल वाटेल. लॅटिन भाषेंतील ‘नेस्कियस’, म्हणजे न जाणणारा, अज्ञ, हा त्याचा मूळपुरुष. फ्रेंचांच्या द्वारें तो १३०० च्या सुमारास इंग्रजींत उतरला, तेव्हां एखाद्यास ‘नाइस’ म्हणणें म्हणजे त्यास मूर्ख ठरविणें होतें. १४०० सालीं वारलेल्या चॉसर कवीच्या काव्यांत तो या अर्थानें आढळतो.

मूर्खाचा नाजूक, नाजुकाचा चोखंदळ असें होत होत सोळाव्या शतकांत तो ‘सूक्ष्म’ व ‘काटेकोर’ या अर्थांस पोंचला. सूक्ष्म आणि क्षुल्लक यांत अंतर तें किती? शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ नाटकांत रोमिओस न पोंचलेल्या पत्राविषयीं बोलतांना, तें ‘नाइस’ नव्हतें, असें लॉरेन्स साधु सांगतो. आजचा अर्थ धरून वाचणारास पत्रच वाईट होतें असें वाटेल. साधूस म्हणावयाचें आहे तें हें, कीं पत्र क्षुल्लक नव्हतें. ज्या पत्रावर दोन जीवांचे प्राण अवलंबून होते, त्याचें मोल वाचकाच्या हातून असें निसटतें.

जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांतहि पहिला मान काटेकोरपणासच आहे. पुढें १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरींत हेन्री टिल्नी कॅथरिनची थट्टा करितो, ‘नाइस’ हा शब्द ऊठसूट प्रत्येक गोष्टीस चालतो म्हणून. त्याच्या मतें हा शब्द मूळचा नीटनेटकेपणा व अभिरुचि यांचा. थट्टा मार्मिक खरी. पण ज्यास तो मूळ अर्थ समजत होता, तोहि पूर्वींच्या अर्थास हुसकूनच गादीवर बसला होता!

आमच्याकडेहि असें घडलें आहे. मनुस्मृतींतील १८ व्यवहारपदांत ‘साहस’ हें बळजबरीच्या गुन्ह्याचें नांव आहे. आज आम्ही मुलांस कौतुकानें साहसकथा वाचावयास देतों.

म्हणून शब्दांच्या शुद्धाशुद्धतेचा वाद घालतांना ‘मूळ अर्थ’ हें शस्त्र जपून वापरावें, आणि जुना ग्रंथ हातीं घेतांना ओळखीच्या शब्दांविषयींच अधिक सावध असावें. अनोळखी शब्दासाठीं आपण कोश उघडतों. ओळखीच्या शब्दासाठीं तो उघडण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं.